दादाच्या गाडीचे ब्रेक

गिऱ्हाइकं तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे ब्रेकवाली. दोन्ही नावं तिला ठाऊक होती आणि दोन्हींबद्दल तिची तक्रार नव्हती. लाकडाच्या वखारीमागे जी अरुंद गल्ली जाते, तिच्या टोकाला तिचं आणि तिच्या भावाचं गॅरेज. शटर अर्धंच वर जायचं, कारण एका टेम्पोने त्याची पट्टी वाकवली ती वाकलीच. आत दोन गाड्या जेमतेम मावत. तिसरी आली की ती कुठे उभी करायची यावर आधी चहा व्हायचा. इंजिन, गिअर, क्लच हे दादाचं खातं. ब्रेक तिचे.

"गाडी सुरू झाली नाही तर माणूस घरी बसतो," ती गिऱ्हाइकाला सांगायची. "थांबली नाही तर घरी कोण जाईल ते सांगता येत नाही." हे ती हसत सांगायची, पण झिजलेले पॅड बघून "आणखी महिनाभर चालतील की" म्हणणाऱ्याची गाडी ती सोडायची नाही. लोक चिडायचे, दुसरीकडे जाण्याची भाषा करायचे, आणि पुढच्या खेपेला मुकाट्याने तिच्याकडेच यायचे.

हे काम वडिलांचं. ते ट्रकच्या ब्रेकचे जुने पट्टे खरवडून नवे बसवायचे. दिवसभर राखाडी धूळ उडायची आणि तोंडाला फडकं बांधावं हे ना त्यांना सुचलं, ना कोणी सांगितलं. धूळ छातीत जाऊन बसली. खोकून खोकून ते गेले, तेव्हा ती शाळेच्या शेवटच्या वर्गात होती आणि दादा नुकता मिळवता झाला होता. आई त्याआधीच गेलेली. निकाल लागेपर्यंत दादाला हात द्यावा म्हणून ती गॅरेजात आली, ती तिथलीच झाली. पहिला पाना दादानेच तिच्या हातात दिला. ब्रेकची नळी कशी सोडायची, पेडल पायाला कसं लागलं म्हणजे आत हवा आहे हे ओळखायचं, सगळं त्याने शिकवलं. चार-पाच वर्षांत ती त्याच्या पुढे गेली, आणि हे पहिल्यांदा कबूल केलं ते त्यानेच, भर गिऱ्हाइकांसमोर. "ब्रेकचं मला विचारू नका," तो म्हणाला, "छोटीला विचारा." ती चाळिशी ओलांडून गेली तरी तो तिला छोटीच म्हणत होता.

तिचं लग्न एकदा जमत आलं होतं. मुलाने विचारलं, "नंतर हे काळं काम सोडशील ना?" तिने हात धुतले, चहा केला, कप त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "चहा घेऊन जा." हा किस्सा दादा इतक्या वेळा सांगायचा की शेवटी शेवटी त्यात तो मुलगा कप हातात घेऊनच पळायचा.

दादाची गाडी ही त्या दोघांच्या आयुष्यातली एकच चैन. दोन माणसं बसतील एवढी, जमिनीला चिकटलेली, एकेकाळची नामांकित वेगवान गाडी. कोणीतरी झाडावर घातलेली, ती त्यांनी भंगारातून उचलून आणली आणि कामातून सवड मिळेल तशी वर्षानुवर्षं जोडत गेले. वहिनी म्हणायची, "माझ्यापेक्षा जास्त वेळ हे त्या गाडीखाली असतात." ते खरंच होतं आणि वहिनीला त्याचा राग नव्हता. निदान दिवस उजाडला की नवरा कुठे आहे हे तिला माहीत असायचं.

गावाबाहेर एक बंद पडलेली धावपट्टी होती. विमानं येणं कधीच थांबलं होतं. आता रविवारी सकाळी तिथे गाड्यांच्या वेडाची माणसं जमायची. पट्टीवर त्यांनी वळणं आखली होती आणि प्रत्येक वळणाआधी कडेला पाट्या रोवल्या होत्या, म्हणजे ब्रेक कुठे दाबायचा ते चालवणाऱ्याला कळावं. दादा तिथला मानाचा माणूस. इतर लोक पाटी दिसताच ब्रेक मारत, दादा थोडा पुढे जाऊन मारायचा. बघणाऱ्यांचा श्वास अडकायचा आणि गाडी अलगद वळणात शिरायची. ती कठड्यावर थर्मास घेऊन बसायची. आपण बसवलेल्या ब्रेकवर कोणी एवढा विश्वास टाकतो आहे, हे बघण्यात तिला जे सुख होतं ते तिने कधी बोलून दाखवलं नाही.

मग दादा म्हणायला लागला, की ब्रेक लागत नाहीत. दोन वर्षं हेच चाललं.

"लागत नाहीत म्हणजे काय? पेडल खाली जातंय?"

"नाही. पेडल ठीक आहे. पण हवं तेव्हा थांबत नाही."

तिने पॅड बदलले. काही दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. तिने ब्रेक ऑइल बदललं, रबरी नळ्या काढून स्टीलची जाळी चढवलेल्या नळ्या घातल्या, पुढच्या चाकांना वारा लागावा म्हणून पत्र्याचे बोगदे करून दिले. तरी रविवार झाला की सोमवारी दादाचं तोंड उतरलेलं. चाकं काढली की, पॅड ज्यांना चिमटीत धरतात त्या लोखंडी डिस्क तापून निळ्या पडलेल्या दिसायच्या, त्यांवर केसासारख्या बारीक चिरा. दोष ब्रेकमध्ये नव्हता. त्यांना कोणीतरी भलताच उशिरा आणि भलताच जोरात दाबत होतं.

"दादा, हाव वाढली आहे तुझी," ती म्हणाली. "आता पाटी गेल्यावर मारतोस का?"

"तसंच समज," तो म्हणाला, आणि दुसरीकडे बघायला लागला.

त्यानंतर त्याने कार्बन सिरॅमिकचं टुमणं लावलं. या डिस्क लोखंडाच्या नसतात. कार्बनचे धागे भट्टीत भाजून दगडासारखे कडक करतात, त्यांच्या त्या असतात. वजनाला लोखंडाच्या निम्म्याही भरत नाहीत, आणि कितीही तापल्या तरी त्यांची पकड ढिली पडत नाही. शर्यतीच्या गाड्यांना, नाहीतर फारच श्रीमंतांच्या गाड्यांना त्या असतात. त्यांच्या गाडीला कारखान्यातून कधी नव्हत्याच. पण बाहेरची एक कंपनी मापाने बनवून देत होती.

"तुला त्यांची गरज नाही," ती म्हणाली. "त्या थंड असल्या की धड लागत नाहीत, कुरकुरतात. काठाला ठेच लागली की टवका उडतो. आपण काय रोज शर्यत करतो?"

"छोटी, माझं एवढं ऐक."

"पण कशासाठी?"

"लवकर थांबायला." तो हे इतक्या अजिजीने म्हणाला की तिला चमत्कारिकच वाटलं. हट्ट करणं त्याच्या स्वभावात होतं, पण हा हट्ट नव्हता. तिने मागवून टाकल्या.

खोकं आलं तेव्हा तिची तक्रार मात्र विरून गेली. पहिली डिस्क तिने दोन्ही हातांनी उचलायला घेतली आणि ती एका हातात आली. काळपट राखाडी, जवळून बघितलं तर आत धाग्यांचे तुकडे इकडेतिकडे पसरलेले. नखाने टिचकी मारली तर लोखंडासारखा टणत्कार नाही, भाजक्या भांड्यासारखा बसका आवाज. ती बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. वडिलांना दाखवायला हवी होती, असं काहीतरी तिच्या मनात आलं. यातून धूळही फारशी निघत नाही.

काम तिने घाईने केलं नाही. चाक ज्यावर बसतं त्या हबवरचा गंज घासून काढला, डिस्क सरळ फिरते आहे की डोलते आहे ते मोजून बघितलं, मोठ्या डिस्कला जागा व्हावी म्हणून पॅड धरणारे कॅलिपर नव्या पट्टीवर सरकवून बसवले आणि पॅडही त्यांच्याच जातीचे घातले. चाक चढवताना डिस्कच्या काठाला लागू नये म्हणून हबमध्ये लांब खिळे फिरवून त्यांवरून चाक अलगद सरकवलं. दादा तिच्या हाताशी होता. त्या दिवशी त्याने ऑइलच्या ट्रेमध्ये पाय दिला. थोड्या वेळाने जॅकच्या दांड्यावर नडगी आपटून घेतली.

"डोळे घरी ठेवून आलास का?" ती म्हणाली.

तो हसला. वहिनी जेवणाचा डबा घेऊन आली होती, ती दारातच उभी होती. ती हसली नाही. पण हे छोटीला नंतर आठवलं. तेव्हा तिचं सगळं लक्ष चाकात होतं.

शेवटी नळ्यांमधली हवा काढायची होती. याला दोन माणसं लागतात. एक आत बसून पेडल दाबतो, दुसरा चाकाशी बसून हवेचा बोल्ट उघडतो आणि मिटतो. "दाब," ती म्हणायची. "दाबलं," आतून आवाज यायचा. "धर. सोड." ऑइलबरोबर बुडबुडे यायचे, मग नुसतं स्वच्छ ऑइल. हे काम त्यांनी उभ्या आयुष्यात इतक्या गाड्यांवर केलं होतं की दोघांचे आवाज आपोआप एका लयीत पडत.

नव्या डिस्क लगेच ताणून चालत नाही. मोकळ्या रस्त्यावर नेऊन त्यांना आधी हलके, मग जोराचे ब्रेक मारत हळूहळू तापवायचं, पॅडचा थर त्यांच्यावर चढू द्यायचा, आणि मग न थांबता चालवत थंड करायचं. दुसऱ्या दिवशी ते दोघं बाहेरच्या रस्त्याला लागले. दादा चालवत होता, ती शेजारी. सुरुवातीला गाडी कुरकुरली, पेडल लाकडासारखं लागलं. मग डिस्क तापल्या, आणि ब्रेक मारला की पट्टा छातीत रुतायला लागला. दादाचा चेहरा उजळला होता. कितीतरी दिवसांनी तो गुणगुणत होता.

परतताना ते बाजाराच्या रस्त्याने आले. गर्दी नव्हती. पुढे तिच्या बाजूच्या फुटपाथवरून एक म्हातारा सायकल हातात धरून खाली उतरला आणि रस्ता ओलांडायला लागला. तो तिला लांबूनच दिसला होता. आता दादा वेग कमी करेल, असं तिला वाटलं. मग वाटलं, नेहमीसारखा उशिरा करेल. मग तिला दादाचा पाय दिसला. तो अजून एक्सलरेटरवर होता, निवांत.

"दादा," ती ओरडली.

त्याने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी खिळली. सायकलच्या पुढच्या चाकात आणि गाडीत हात जाईल एवढंच अंतर राहिलं.

"काय झालं?" दादा म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलं. तो समोर बघत होता आणि खरंच विचारत होता. म्हातारा आणखी एक पाऊल पुढे आला, अगदी गाडीच्या नाकासमोर, आणि तेव्हा कुठे दादा दचकला. क्षणभराने तो म्हणाला, "बघितलंस? कसले ब्रेक आहेत बघ. लोखंडाचे असते तर गेलाच होता."

म्हाताऱ्याने सायकल सावरली, गाडीच्या बॉनेटवर थोपटल्यासारखं केलं आणि निघून गेला.

"बाजूला घे," ती म्हणाली. "मी चालवते."

या गाडीची किल्ली दादाने आजवर कोणाला दिली नव्हती, तिलाही नाही. तो उतरला, गाडीला हात लावत लावत तिच्या बाजूला आला आणि बसला. तेव्हा ती मनातून हादरली. तो भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

वखारीमागे गाडी उभी करून तिने इंजिन बंद केलं.

"तो म्हातारा तुला दिसला नव्हता."

"दिसला."

"मी ओरडल्यावरही दिसला नव्हता, दादा. तू विचारलंस, काय झालं."

दादाने गुडघ्यावरचा डाग खरवडायला सुरुवात केली. "काचबिंदू आहे," तो म्हणाला. "मोती नव्हे, काच. मोती असता तर काढून टाकला असता. डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस सुकत जाते. कडेचं आधी जातं, मधलं शेवटी. मधलं अजून छान आहे. तुझ्या त्या डिस्कवरचे बारीक आकडे मी वाचले की नाही?"

"वाचलेस."

"गंमतच आहे. तुझ्याकडे दाब कमी पडला की रड, माझ्याकडे जास्त झाला." तो हसायला गेला, पण त्याला ते जमलं नाही.

"कधीपासून?"

"पाट्या दिसेनाशा झाल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंकडे गेलो. म्हणाल्या, आधी गाडी सोडा."

"आणि तू ब्रेक बदलत बसलास."

तो गुडघ्यावरचा डाग खरवडत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "मी असा विचार केला छोटी, की दिसायला उशीर होतो तर थांबायला तरी लवकर जमावं. तेवढं जमलं की हिशेब बरोबर. तुझे पॅड आले की थोडे दिवस तेवढं जमायचं. मग डोळा आणखी मागे पडायचा, मग मी तुला पुन्हा सांगायचो, ब्रेक लागत नाहीत म्हणून. या डिस्क शेवटच्या. याच्या पुढचं तर काही मिळतच नाही."

तिला दोन वर्षांतला एकेक सोमवार आठवला. त्याला हाव सुटली आहे म्हणून ती हसली होती, तेही आठवलं. तिने त्याचा हात धरला. यापुढे गाडीला हात लावणार नाही, असं त्याने कबूल केलं.

संध्याकाळी ती वहिनीकडे गेली. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

वहिनीने घडी अर्धवट ठेवली. "रोज थेंब कोण घालतं त्यांच्या डोळ्यांत? मीच ना. मला वाटलं, तुला ठाऊक आहे. तुम्ही दोघं एकमेकांना सगळं सांगता. मी म्हटलं, ही एवढे चांगले ब्रेक करून देते आहे, म्हणजे हिने विचार केला असेल." मग तिने तोंडाला पदर लावला. दोन बायका, एकीला वाटत होतं दुसरीला सगळं माहीत आहे, दुसरीला वाटत होतं माहीत असण्यासारखं काही नाही, आणि मधून हा माणूस दर रविवारी धावपट्टीवर जात होता.

शनिवारी दुपारी ती बाहेरून परतली तर दादा गॅरेजात गाडी धूत होता. टायरची हवा बघून झाली होती. हेल्मेट सीटवर ठेवलेलं होतं. उद्या रविवार होता. तो घरी गेला तशी तिने गाडी जॅकवर चढवली. चाकं काढली, कॅलिपर सोडून तारेने वर टांगले आणि चारही डिस्क एकेक करून काढल्या. इतकं नवं, इतकं नेटकं काम तिने स्वतःच्या हाताने कधी उसकटलं नव्हतं. डिस्क तिने जुन्या रजईत गुंडाळल्या आणि रिक्षात घालून घरी नेल्या. त्या तिच्या पलंगाखाली गेल्या.

रविवारी उजाडता उजाडता ती गॅरेजात येऊन बसली. थोड्याच वेळात दादा आला. गाडी चार टेकूंवर उभी, चाकं भिंतीला टेकलेली. तो जवळ गेला, हबवर हात फिरवला, तिथे काही नाही हे त्याच्या बोटांना कळलं.

"डिस्क कुठे आहेत?"

"माझ्याकडे."

"लाव."

"नाही."

"गाडी माझी आहे."

"हो, तुझीच आहे."

तो लाकडी खोक्यावर बसला. "छोटी, मला तो रस्ता पाठ आहे. पाट्या नाही दिसल्या तरी वळण कुठे येतं ते पोटात कळतं. एकदाच. मग तू म्हणशील तसं."

"आणि मधेच कोणाची गाडी बंद पडून उभी असली तर? कोणी उतरून चाक बघत असला तर? ते पोटात कळेल?"

त्याने दुसरंच काढलं. "बाबा गेल्यावर तुला हातात पाना मी दिला."

"हो."

"ब्रेक लावायला मी शिकवलं तुला. आता मलाच लावतेस."

ती भिंतीला टेकलेली चाकं बघत राहिली. बोलायला गेलो तर रडू फुटेल आणि मग आपण डिस्क आणून देऊ, अशी तिला भीती वाटत होती. दादा उठला. दारापाशी त्याचा खांदा शटरच्या त्या वाकलेल्या पट्टीला घासला. "येतो ताई," तो म्हणाला, गिऱ्हाईक म्हणतं तसं, आणि गेला.

त्यानंतर तो कित्येक महिने गॅरेजात आला नाही. इंजिनाची कामं तिने दुसऱ्यांकडे पाठवली. गाडीवर एक मळकी ताडपत्री पडली. ती त्याच्या घरी गेली की तो आतल्या खोलीत निघून जायचा. वहिनी कानाशी कुजबुजायची, आज जेवले, आज नीट झोपले नाहीत, आज खिडकीतून एकटक बघत होते. धावपट्टीवरची माणसं सुरुवातीला विचारायला आली. मग त्यांना कारण कळलं आणि काय बोलावं हे न सुचून ती यायची थांबली. तिला वाटायचं, आपण बरोबर केलं. आणि त्याच्या पुढच्याच घटकेला वाटायचं, आपण त्याला बोलून थांबवायला हवं होतं, हत्यारं घेऊन नव्हे. त्याच्या मागून, त्याच्या गाडीखाली शिरून केलं आपण हे. हे दोन्ही विचार तिच्या मनात शेवटपर्यंत शेजारी शेजारी राहिले, कुठलाच हटला नाही.

एका सकाळी तो आला. भिंतीच्या कडेकडेने, एक हात विटांवर. आत येऊन उभा राहिला.

"गाडी विकून टाकू," तो म्हणाला. "उभी राहून सडेल."

घ्यायला एक बेकरीवाला तयार झाला. धावपट्टीवरचाच, अंगाने गोल आणि मनाने हळवा माणूस. तो पाटीच्या कितीतरी आधी ब्रेक मारायचा, म्हणून दादा पूर्वी त्याची टर उडवायचा. त्याच्यासाठी तिने रजईतल्या डिस्क काढल्या आणि पुन्हा बसवल्या. हवा काढायच्या वेळी तिने हाक मारण्याआधीच दादा आत जाऊन बसला.

"दाब," ती म्हणाली.

"दाबलं."

"धर. सोड."

त्या दिवशी ते दोघं एकमेकांशी एवढंच बोलले. बेकरीवाल्याने किल्ली घेताना चाचरत विचारलं, "दादा, एक फेरी मारायची का? मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा."

"नको," दादा म्हणाला. "थंड असताना त्या डिस्क वाजतील, घाबरू नका. आणि चाक काढाल तेव्हा काठाला जपा." गाडी गल्लीतून बाहेर पडली. दादा आत जाऊन हात धुवायला लागला. धुऊन झाले तरी त्याने नळ बंद केला नाही. तिने जाऊन तो बंद केला.

दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा गॅरेजात यायला लागला. समोर धरलेली वस्तू त्याला अजून दिसत होती, त्यामुळे बाकावर बसून कार्बोरेटर उघडणं, बेअरिंग साफ करणं अशी कामं तो करायचा. तिने एक गोष्ट शिस्तीने पाळली: पाना, ट्रे, जॅक यांतलं काही वाटेत ठेवायचं नाही. दोघं बोलायचे, थट्टाही व्हायची, चहाचा तो जुना किस्साही त्याने एकदा नव्या गिऱ्हाइकाला ऐकवला. पण तिला तो ताई म्हणायचा. सगळे म्हणतात तसं, अगदी साधेपणाने. तिने बरोबर केलं असं तो कधी म्हणाला नाही, चुकलीस असंही नाही, आणि विचारायचं धाडस तिला झालं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे त्याला आता ती घेऊन जाते, गॅरेजच्या जुन्या व्हॅनमधून. तिथे पडद्याआड एक यंत्र आहे. त्यात तोंड घालून बसायचं, नजर मधल्या ठिपक्यावर ठेवायची आणि कडेला कुठे प्रकाशाची टिकली चमकली की हातातलं बटण दाबायचं. ती बाहेर बाकावर बसते. पडदा पातळ आहे, बटणाचा आवाज बाहेर येतो. पहिल्यांदा ती आली होती तेव्हा तो टकटक, टकटक असा बऱ्यापैकी सलग ऐकू आला होता. पुढच्या खेपांना त्यात फटी पडत गेल्या.

परवा ती अशीच बसली होती. आत यंत्राची घरघर चालू होती. एक टक आला. मग बराच वेळ काही नाही. शेजारची बाई तिला काहीतरी विचारत होती, तिने मान हलवली पण ऐकलं नाही. ती पुढच्या आवाजाची वाट बघत होती, आणि मनातल्या मनात त्याला सांगत होती, दाब, दादा, दाब. मग एक आला. पुन्हा नुसती घरघर.

पडदा सरकवून तो बाहेर आला, डोळे चोळत, हात पुढे धरून. ती उठली आणि त्याच्या हाताखाली आपला खांदा दिला.

"आज बऱ्याच दिसल्या," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "ऐकलं मी." आणि ते दोघं जिना उतरू लागले, ती एक पायरी पुढे, तो तिच्या मागे.